तुम्ही आईच्या हातात लाकूड दिलंत, त्याबद्दल

स्टॉकहोमच्या एक्स्टेड रेस्टॉरंटमध्ये त्या संध्याकाळी आमचं टेबल सांभाळणाऱ्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितेय. निघताना तुम्ही विस्तवाकडे बोट दाखवून आईला विचारलं होतंत, "तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?" ती 'चूल' म्हणाली आणि तुम्ही तो शब्द दोनदा म्हणून पाहिलात. स्वीडिश भाषांतर सोबत जोडतेय. पण आभार आधी आपल्या भाषेतच मानायचे, असं आईनं बजावलंय.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. तुमच्याकडे तेव्हा दुपारी तीनलाच अंधारून येतं. आईच्या पासष्टीसाठी मी हे जेवण ठरवलं होतं. दार उघडलं, जळत्या लाकडाचा वास आला आणि आई उंबऱ्यातच थबकली. मला वाटलं, थंडीनं. कारण वेगळं आहे हे माझ्याआधी तुम्हाला कळलं.

आई अलिबागजवळच्या खेड्यातली. लग्नानंतर बावीस वर्षं तिनं चुलीवर रांधलं. पावसाळ्यात लाकडं दमट असायची. ओल्या लाकडाची बरीच आच त्यातलं पाणी आटवण्यातच जाते, मग ते जळत नाही, नुसतं धुमसतं. फुंकणीनं फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे आणि रात्रभर खोकल्याची ढास लागायची. मी शेजारच्या अंथरुणात ती ऐकत पडलेली असायचे. घरात गॅस आला, त्यानंतर तिनं चूल पाणी तापवायलासुद्धा पेटवली नाही. अशा बाईला मी धुराच्या वासात जेवायला घेऊन आले होते आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

तुम्ही "काही अडचण आहे का" असं विचारलं नाहीत. तिला रचलेल्या बर्चच्या लाकडांपाशी नेलंत आणि एक ओंडका तिच्या हातात दिलात. आईनं दुसरा उचलला, दोन्ही एकमेकांवर आपटले. खणकन आवाज आला. "चांगलं वाळलंय," ती म्हणाली आणि आत आली. तुम्ही आम्हाला विस्तव दिसेल पण झळ लागणार नाही असं टेबल दिलंत.

निक्लास एक्स्टेड हे शेफ उत्तरेकडच्या येम्टलांडमधले, त्यांनी 2011 मध्ये हे रेस्टॉरंट काढलं, स्वयंपाकाला गॅस नाही की वीज नाही, 2013 मध्ये मिशेलिन तारा हा रेस्टॉरंटांसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला, हे सगळं मी वाचून आले होते. त्यांची फ्लंबादूवरची कालवंही मला ठाऊक होती. फ्लंबादू म्हणजे लांब दांड्याचं, नरसाळ्यासारखं बिडाचं अवजार. दक्षिण फ्रान्समधलं. ते विस्तवात लाल करायचं, त्यात चरबी टाकायची, की ती पेटून थेंबाथेंबानं खाली गळते आणि कालव त्या जळत्या थेंबांवर शिजतं. बघण्यासारखी गोष्ट आहे. ती चरबी गाईबैलाची असते, हे मात्र मी आईला सांगितलं नव्हतं. बुकिंग करताना कळवायचंही राहून गेलं.

ते तुम्ही केलंत. ताट यायच्या आधी माझ्याजवळ वाकून, हळू आवाजात, चरबी कशाची आहे ते सांगितलंत आणि "आईंना चालेल का?" विचारलंत. नाही म्हटल्यावर चेहऱ्यावर आठी नाही, माफी मागण्याचा गाजावाजा नाही. आचाऱ्याशी बोलून परत आलात आणि म्हणालात, त्यांच्यासाठी कालवं शिंपल्यासकट निखाऱ्यावर ठेवू. ताई, याच एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहिलं असतं. ती चरबी आईच्या पोटात गेली असती आणि नंतर कळलं असतं, तर तिनं मला शब्दानंही बोल लावला नसता. पण ते तिला आयुष्यभर लागून राहिलं असतं.

आणि ती कालवं! आमच्याकडे ओहोटीला खडकांवरून कोयतीनं कालवं काढतात. आईनं लहानपणी काढलीत, बोटं कापून घेतलीत. ती खुर्चीवरून उठली आणि थेट विस्तवाकडे गेली. मी अडवणार होते, तुम्ही अडवू दिलं नाहीत. "ज्वाळेवर नको, निखारे होऊ देत. तोंड उघडलं की लगेच काढायचं, नाहीतर चिवट होतं," असं ती मराठीत सांगत होती. तो आचारी पोरगा माझ्या भाषांतराची वाट न बघता मान डोलावत होता, कारण तो नेमकं तेच करत होता. पहिलं कालव उघडलं तेव्हा दोघांनी एकदमच हात पुढे केला.

बारवरच्या तुमच्या सहकाऱ्यालाही माझे आभार सांगा. माझं कॉकटेल अ‍ॅक्वाव्हिटचं, म्हणजे शेपूचं बी नाहीतर शहाजिऱ्याचा स्वाद दिलेल्या तुमच्याकडच्या दारूचं होतं. आई दारू घेत नाही, पण तिनं ग्लास हुंगला आणि म्हणाली, "अगं, ह्यात बाळंतशेपा!" बाळंतिणीला आम्ही शेपूचं बी खायला देतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी बशीत शेपूचं बी आणि शहाजिरं आणून तिच्यापुढे ठेवलं. तिच्यासाठी लिंगनबेरी या आंबट लाल रानफळाच्या रसाचं, जुनिपरची डहाळी जाळून तिचा धूर दिलेलं पेय केलं. तिनं घोट घेतला. "कोकमासारखं आहे. चिमूटभर मीठ घाला म्हणावं." त्यांनी घातलं, स्वतः चाखून पाहिलं आणि पुढचा ग्लास मीठ घालूनच आणला.

बाकीचे पदार्थही उत्तम होते. पण खरं सांगते, मला त्यातलं फारसं आठवत नाही. मी आईकडेच बघत होते. चूल म्हटली की मला तिचे लाल डोळेच आठवायचे. विस्तव किती कळतो तिला, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या रात्री एका अनोळखी देशात चार माणसं तिचं ऐकत उभी होती.

आई आता गावी परतलीय. तिचा निरोप असा: जानेवारीत या. तेव्हा वालाच्या शेंगा येतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, बटाटे, पुन्हा पाला. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी घालायचं नाही, पाल्याच्या वाफेवरच शिजतं. याला पोपटी म्हणतात. येताना त्या आचारी पोरालाही आणा, त्याला मडकं कधी उतरवायचं ते शिकवीन म्हणते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
खिडकीजवळच्या टेबलावरची मुलगी