त्या 180 पौंडांना ‘नाही’ म्हणायला शिकवलंत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं. पण इथे इंग्लंडात, रेडिंगमधल्या आपल्याच ओळखीतली किती माणसं पार्किंगवरून आलेल्या कोर्टाच्या कागदाला घाबरून पैसे भरून मोकळी झाली, हे गेल्या काही महिन्यांत कळलं. म्हणून आभार सगळ्यांसमोर मानते आहे. नाव मात्र लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

नॉर्थॅम्प्टनच्या कोर्टाकडून आलेला क्लेम फॉर्म, म्हणजे दाव्याचा कागद, घेऊन मी तुमच्या दारात उभी राहिले, त्याच्या आदल्या दोन रात्री मला झोप नव्हती. रिटेल पार्कमध्ये, म्हणजे दुकानांच्या संकुलात, मी पार्किंगचे 2 पौंड 40 पेन्स भरले होते, फक्त मशीनवर सवयीने जुन्या गाडीचा नंबर दाबला गेला. कॅमेऱ्याने नवा नंबर टिपला आणि त्यांच्या लेखी मी पैसे न भरणारी ठरले. पुढे आलेली पत्रं सगळ्यांनी कचऱ्यात टाकायला सांगितली, मी टाकली. तुम्ही त्यावरून एक शब्दही बोलला नाहीत. चहा ठेवलात, लाल पेन्सिल घेतलीत आणि आकड्यांखाली रेघा मारायला लागलात: चार्ज 100, ‘वसुली खर्च’ 70, व्याज 13, कोर्ट फी 35, वकिलाचे 50. एकूण 268.

“हा दंड नाही बाळ,” तुम्ही म्हणालात. “दंड सरकार करतं. ही एक खासगी कंपनी करार मोडला म्हणून पैसे मागतेय. दिवाणी मामला आहे, फौजदारी नाही.” व्हिसाची भीती माझ्या पोटात बसली होती, ती त्या एका वाक्याने गेली.

तडजोडीचं पहिलं पत्र आलं तेव्हा माझा बचाव अजून दाखल व्हायचा होता. सात दिवसांत 180 पौंड भरा, नाहीतर सीसीजे, म्हणजे पैसे भरायचा कोर्टाचा निकाल, नावावर लागेल, क्रेडिट खराब होईल. आम्ही घराच्या कर्जासाठी अर्ज करणार होतो. मी फोनमध्ये कार्डाचा नंबर टाकतच होते. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी कुणालाही सांगेन: बोलणी चालू आहेत म्हणून कोर्टाची मुदत थांबत नाही. आधी दाव्याची पोच ऑनलाइन द्या, म्हणजे दावा बजावल्यापासून 28 दिवस मिळतात. त्यात बचाव दाखल करा. मग ऑफरकडे बघा. कित्येक जण ऑफरवर बोलत बसतात, तारीख निघून जाते आणि निकाल एकतर्फी लागतो.

सीसीजेचंही तुम्हीच समजावलंत. नुसता दावा दाखल झाला म्हणून काही नोंद होत नाही. हरले आणि महिन्याभरात पूर्ण रक्कम भरली, तर नोंद काढून टाकतात. नाही भरली तर सहा वर्षं राहते. पत्रात यातला फक्त शेवटचा भाग होता.

मग पाकिटाच्या मागे हिशोब केलात. समजा हरलो. 268 मध्ये सुनावणीची फी 27, म्हणजे 295. न्यायाधीशांनी ते 70 मान्य केले नाहीत तर साधारण 220. जिंकलो तर शून्य. “आणि तुझ्याकडे तिकीट आहे,” म्हणालात. ते तिकीट मी पर्समधून काढलं. उष्णतेने छापलेला कागद, अक्षरं राखाडी होत चाललेली, वेळ जेमतेम वाचता येत होती. तुम्ही चहाचा कप बाजूला सरकवून लगेच खिडकीपाशी नेऊन त्याचे चार फोटो काढलेत. महिन्याभराने पाहिलं, तर कागद जवळजवळ कोरा झाला होता.

ऑफर नाकारायची म्हणजे कोर्टाचा राग ओढवून घ्यायचा, असं मला वाटायचं. तुम्ही दिवाणी कोर्टांच्या नियमांतला नियम 27.14 दाखवलात: छोट्या दाव्यांत समोरच्याच्या वकिलाचा बाकी खर्च सहसा आपल्यावर पडत नाही; गैरवाजवी वागलं तरच पडतो. नुसती तडजोड नाकारणं म्हणजे गैरवाजवी वागणं नव्हे, हे तिथेच लिहिलंय. मात्र न्यायाधीश ते विचारात घेऊ शकतात. “म्हणून गप्प बसायचं नाही आणि चिडूनही लिहायचं नाही.” उत्तराच्या पत्रावर ‘विदाउट प्रेज्युडिस सेव्ह अ‍ॅज टू कॉस्ट्स’ लिहायला लावलंत, म्हणजे निकाल देताना न्यायाधीश ते पत्र बघणार नाहीत, पण खर्चाचा प्रश्न आला तर आपलं वागणं दाखवता येईल. खाली तीन ओळी. ऑफरबद्दल आभारी आहे, पण स्वीकारत नाही. पैसे भरले होते, जुन्या नंबराखाली त्या दिवसाची नोंद तपासा. नंबर चुकल्याबद्दल 20 पौंड द्यायची तयारी आहे, त्यावर दावा मागे घ्या. मी रागाने भरलेली दीड पानं लिहून आणली होती, ती तुम्ही शांतपणे घडी घालून मला परत दिलीत.

(हे सगळं इंग्लंड आणि वेल्सचं. स्कॉटलंडमध्ये नियम वेगळे आहेत.)

मध्यस्थीचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. मे 2024 पासून अशा दाव्यांत ती सक्तीची आहे. फुकट, तासभर, आणि मध्यस्थ एकदा त्यांच्याशी, एकदा आपल्याशी बोलतो. मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांमध्ये उभी राहून मी बोलले. हातात तुम्ही दिलेला कागद होता, त्यावर लाल पेन्सिलीने फक्त ‘20’. ते 150 वर आले, मग 120 वर. मध्यस्थबाई गोड बोलत होत्या, आणि 120 म्हणताच माझा जीव खाली-वर झाला. कागदाकडे पाहिलं आणि 20 च म्हणाले. तडजोड झाली नाही. तिथलं बोलणं न्यायाधीशांपर्यंत जात नाही, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून मन शांत राहिलं.

सुनावणीची तारीख लागली. मी साक्षीचा जबाब तयार केला, तिकिटाचे फोटो जोडले. मग 60 पौंडांची ऑफर, पुन्हा 48 तासांची मुदत. त्या वेळी मी तुम्हाला फोन केला नाही. त्याच तीन ओळी स्वतः लिहिल्या आणि पाठवल्या.

सुनावणीला दोन आठवडे असताना एका पानाची नोटीस आली. दावा मागे घेतला. मी ती तुम्हाला वाचून दाखवली तेव्हा तुम्ही थोडा वेळ गप्प होतात. मग एवढंच विचारलंत, “जेवलीस का?”

काका, तुम्ही वकील नाही, माझे नात्याने कुणी नाही. सहा महिन्यांत किती रविवार माझ्यासाठी घालवलेत, मी मोजले नाहीत. मनापासून आभार. तुमची लाल पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे. शनिवारी घेऊन येते. घरी असाल ना?

तुमची,
रेडिंगची लेक