माल्टातल्या बसथांब्यावर भेटलेल्या वसईच्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघडच लिहिते आहे. वसईच्या कुणाच्या तरी नजरेला पडलं, तर ते तुमच्यापर्यंत पोचवतील.

गेल्या ऑक्टोबरात, सकाळी साडेसातच्या सुमाराला माल्टातल्या स्लीमा गावाच्या बसथांब्यावर मी आणि माझी आई उभ्या होतो. आई ७२ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. आमच्या डोळ्यांदेखत दोन बस न थांबता निघून गेल्या. आई मला म्हणाली, "अगं, आपण इथे कुणाला दिसत नाही की काय?" तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, हात दाखवा, त्याशिवाय इथे बस थांबत नाही." वळून पाहिलं तर तुम्ही. नर्सचा गणवेश, रात्रपाळीनं तांबारलेले डोळे. परदेशात इतक्या सकाळी कानावर पडलेली ती मराठी ऐकून आईचा चेहरा असा काही खुलला की सांगता येत नाही.

घरी जाऊन झोपायचं सोडून तुम्ही आमच्यासाठी अर्धा तास थांबलात. औषधाच्या दुकानातल्या पावतीच्या पाठीवर बारीक अक्षरात सगळं लिहून दिलंत. ती पावती आईच्या पाकिटात अजून आहे, घडीवर फाटली म्हणून तिनं मागून चिकटपट्टी लावली आहे.

गोझो बेटाला जाताना चिर्केव्वाच्या धक्क्यावर कुणी तिकीटच मागेना, तेव्हा आई पायरीवरच अडली. विनातिकीट बोटीत बसायचं म्हणजे काय! मी पावती काढून तिला वाचून दाखवली : "जाताना पैसे नाहीत, दोन्ही बाजूंचे परतताना गोझोच्या धक्क्यावर, इम्जारला घेतात." मग कुठे ती आत आली. पंचवीस मिनिटांचा तो प्रवास ती कठड्याला धरून उभ्यानं बघत होती. गोझोवरच्या जिगान्तिया या प्राचीन देवळांचे दगड एका राक्षसिणीनं रचले, कडेवर मूल घेऊन, नुसत्या शेंगांच्या दाण्यांवर आणि मधावर राहून, ही तिथली दंतकथा तिला फार आवडली. ती देवळं इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी आहेत, हे ती आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

हायपोजियमची आशा तर मी मुंबईतच सोडली होती. ते जमिनीखाली तीन मजले कोरलेलं प्राचीन दफनस्थान. माणसांच्या श्वासानं भिंतींवरचा गेरूचा रंग बिघडतो म्हणून तासाला दहाच जणांना सोडतात, त्यामुळे ऑनलाइन तिकिटं केव्हाच संपलेली. दुपारी १२ आणि ४ च्या फेऱ्यांची थोडी तिकिटं आदल्या दिवशी सेंट एल्मो किल्ल्यावर विकतात, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कुठून कळणार होतं? दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले आणि एक तिकीट मिळालं. आत पायऱ्या फार आहेत, आईला नेऊ नका, हेही तुम्हीच बजावलं होतंत. अंधारात छतावरची ती लाल वेटोळी दिसली तेव्हा मला खरंच रडू आलं.

आईसाठी तुम्ही हाजर ईमची प्राचीन देवळं सुचवलीत. "खालच्या म्नायद्राच्या देवळांकडे उतरू नका, अर्धा किलोमीटर चढून परत यावं लागतं," असंही लिहिलंत. हाजर ईमच्या देवळांवर घातलेल्या मांडवाखाली आई तासभर निवांत बसली. राजधानी व्हॅलेटाच्या धक्क्यावरून वर बाराक्का बागेत जायला लिफ्ट आहे, हे तुमच्यामुळेच कळलं. नाहीतर तो चढ तिला पेलला नसता.

आणि जेवण! आई शुद्ध शाकाहारी. पास्तित्सी, म्हणजे तिथली सारण भरलेली पापुद्र्यांची खारी, घेताना चीजची किंवा वाटाण्याची मागा, पण काही ठिकाणी पारीत डुकराची चरबी असते, विचारल्याशिवाय खाऊ नका, असं तुम्ही दोनदा सांगितलंत. तुम्ही स्वतः सगळं खाणाऱ्या, तरी आईच्या सोवळ्याची एवढी काळजी केलीत, याचं मला फार अप्रूप वाटलं. चौथ्या दुकानात वनस्पती तूपवाली मिळाली. शंकरपाळ्याच्या आकाराची, गरमागरम, पापुद्रे साडीवर सांडत आईनं दोन खाल्ल्या.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, पण बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं, चहाला बाटलीचंच घ्या, हा तुमचा पावतीवरचा शेवटचा सल्ला. पहिल्या दिवशीचा चहा आईनं ओतून दिला होता, दुसऱ्या दिवसापासून तिची सकाळ सरळ झाली.

नाताळला घरी येणार, असं बोलता बोलता म्हणाला होतात. आम्ही दादरला राहतो. आईनं तुमच्यासाठी गोडा मसाला वेगळा काढून ठेवला आहे. तुम्ही निरोप धाडा, डबा घेऊन आम्हीच वसईला येऊ.

तुमची,
स्लीमाच्या थांब्यावरच्या काकूंची मुलगी