सेल्फ का सुटत नव्हता, हे शोधून देणाऱ्या मिस्त्रींना जाहीर आभार पत्र

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

माझ्या गाडीचा सेल्फ (इंजिन सुरू करून देणारी मोटर) अडकण्याचे खरे कारण आपण शोधून दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. इंजिन सुरू होऊन चावी मागे आली तरी सेल्फ फिरतच राही; चावी काढून घेतली की इंजिन बंद पडे, पण सेल्फ त्याला घरघरत फिरवीतच असे. आधीच्या एका गॅरेजने काहीही न तपासता अख्खा सेल्फ बदलला होता, आणि थोड्याच दिवसांत नवाही तसाच अडकला.

फोनवर आपण आधी चावी बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये घ्यायला, हँडब्रेक ओढायला आणि त्यानंतरच दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह सोडवायला सांगितलेत. गिअरमधली गाडी नुसत्या सेल्फवरही पुढे सरकते आणि चालू इंजिनावर बॅटरी तोडली तर इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात, हे त्या घाईतही आपण समजावून सांगितलेत.

गाडीपाशी आल्यावर आपण सेल्फ खाली उतरवला नाहीत. सोलेनॉइडवरची, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचवरची, बारीक वायर तेवढी काढून तिला टेस्ट लॅम्प जोडलात आणि मग बॅटरी लावलीत. चावी माझ्या खिशात असूनही दिवा लागला. तो लागला नसता तर दोष सोलेनॉइडच्या आत, चिकटलेल्या कॉन्टॅक्टमध्ये (करंट जोडणाऱ्या धातूच्या टोकांमध्ये) किंवा अडकलेल्या प्लंजरमध्ये (आत सरकणाऱ्या दांड्यामध्ये) शोधावा लागला असता. लागला, म्हणजे सेल्फला कोणीतरी मागून सतत हुकूम देत होते. फ्यूज बॉक्समधला रिले, म्हणजे चावीच्या इशाऱ्यावर सोलेनॉइडला करंट देणारा छोटा स्विच, उपसताच दिवा विझला. तरीही चावीच्या स्विचवरचा संशय फिटेपर्यंत आपण थांबला नाहीत: रिलेच्या सॉकेटमध्ये स्विचकडून येणारा करंट चावी स्टार्टवर असतानाच येतो आणि सोडताच जातो, याची खात्री करून घेतलीत. मग रिलेचे झाकण उघडून काळे पडून एकमेकांना चिकटलेले कॉन्टॅक्ट मला दाखवलेत.

नवा रिले बसवून आपण पैसे मागितले असते, तरी मी समाधानाने दिले असते. परंतु रिले चिकटला कशामुळे, हेही आपण पाहिलेत. बॅटरीचा टर्मिनल सैल होता आणि त्यावर हिरवट-पांढरा थर साचला होता. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळे, रिले तडतडे आणि प्रत्येक तडतडीला ठिणगी उडून कॉन्टॅक्ट वितळत जात. सोडा घातलेल्या गरम पाण्याने टर्मिनल धुऊन, घट्ट आवळून आपण तोही दोष काढलात. इतका वेळ इंजिनाबरोबर फरफटल्यामुळे पिनियनचे (सेल्फच्या छोट्या दातेरी चाकाचे) आणि फ्लायव्हीलच्या (ते ज्याला फिरवते त्या इंजिनाच्या जड चाकाच्या) रिंगचे दात झिजले नाहीत ना, हेदेखील टॉर्च लावून पाहिलेत.

आधीच्या ठिकाणी झालेल्या खर्चाच्या मानाने आपली मजुरी इतकी कमी होती की ती देताना मलाच संकोच वाटला. पुढची सर्व्हिसिंग आपल्याकडेच करायची असे ठरवले आहे. त्या वेळी अल्टरनेटरचे चार्जिंगही एकदा तपासून द्यावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कृतज्ञ गाडीमालक