टूथलेसला निरोप : मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले आणि लगेच उत्तर लिहायला बसलो, कारण ‘हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन : द हिडन वर्ल्ड’ या शेवटच्या भागावर तू घेतलेला आक्षेप वाचून मला स्वस्थ बसवेना. ज्यांच्या मैत्रीवर तीन चित्रपट उभे राहिले, त्या हिकप या व्हायकिंग मुलाची आणि टूथलेस या ड्रॅगनची अखेरीस ताटातूट करणे हा प्रेक्षकांवर अन्याय आहे, असे तू लिहितोस. मला मात्र मनापासून वाटते की २०१० साली पहिला भाग संपला तेव्हाच ही ताटातूट अटळ झाली होती, आणि ती टाळली असती तर या मैत्रीतले एक जुने देणे कायमचे थकीत राहिले असते.

टूथलेसची शेपटी आठवून पाहा. हिकपने स्वतः तयार केलेल्या यंत्राने त्याला आभाळातून खाली पाडले आणि त्यात त्याच्या शेपटीचा डावा पर गेला. पुढे हिकपनेच त्याला कृत्रिम पर बनवून दिला, पण तो उघडायचा आणि मिटायचा तर पाठीवर बसलेल्या माणसाचा पाय रिकिबीवर असावा लागे. त्याच चित्रपटाच्या अखेरीस हिकपही आपला डावा पाय गमावतो, आणि दोघे सारखेच अधू, एकमेकांवाचून अपुरे, असे चित्र आपल्यासमोर उभे राहते. हे चित्र मलाही अतिशय प्रिय आहे. तरीही त्यात बरोबरी नाही, कारण हिकप कृत्रिम पायावर एकटा हवे तिथे जाऊ शकतो आणि टूथलेसला मात्र स्वार असल्याशिवाय आभाळ गाठता येत नाही. ज्याच्या हातून जखम झाली त्याच्यावरच जखमीने उड्डाणासाठी अवलंबून राहायचे, अशी ही मैत्री आहे. ती खरी आहे, पण एका बाजूला निवड करण्याची मोकळीकच नाही.

तू यावर २०११च्या नाताळच्या लघुपटाचा दाखला देशील, हे मी जाणून आहे. त्यात हिकप आपोआप उघडणारा पर टूथलेसला भेट देतो, टूथलेस एकटा उडून जातो, परत येतो आणि तो नवा पर स्वतःच मोडून टाकून जुनाच पर पुढे करतो. निवड तर त्याने तेव्हाच केली होती, असे कोणीही म्हणेल. परंतु तेव्हा त्याच्यापुढे दुसरी वाट कोणती होती? त्याच्या जातीचा दुसरा प्राणी त्याने पाहिलेला नव्हता. आभाळात जाऊन भेटावे असे कोणी नसताना परत येणे आणि कोणीतरी वाट पाहत असताना परत येणे, यांत फार मोठे अंतर आहे. म्हणून शेवटच्या भागात टूथलेसच्या जातकुळीतली शुभ्र मादी ड्रॅगन ‘लाइट फ्युरी’ येते आणि हिकप पुन्हा एकदा स्वयंचलित पर तयार करतो, तेव्हा त्याच भेटीचे मोल पूर्णपणे बदललेले असते. या वेळी तो पर टूथलेस मोडत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रियाराधनाला तू पोरकट म्हटले आहेस, तो प्रसंग कृपा करून पुन्हा पाहा. त्यात संवाद जवळजवळ नाहीतच. टूथलेस अंग घुसळतो, उड्या मारतो, पंख पसरतो आणि फजीत होतो. मागे लपलेला हिकप हातवारे करून त्याला शिकवू पाहतो, आणि माणसाने शिकवलेले तिथे काहीच उपयोगी पडत नाही. मग टूथलेस फांदी तोंडात धरून वाळूत चित्र काढू लागतो. पहिल्या भागात हिकपशी दोस्ती जुळताना त्याने अशीच जमिनीवर रेघोट्यांची नक्षी काढली होती, हे तुला आठवत असेल. तेव्हा जो विश्वास तो माणसाकडे मागत होता, तोच आता तो आपल्या जातीतल्या जोडीदाराकडे मागतो आहे. दिग्दर्शक डीन डब्लुआ यांनी हे कुणाच्याही तोंडून वदवून घेतले नाही, म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

खुद्द ‘हिडन वर्ल्ड’, म्हणजे ड्रॅगनांचे गुप्त जग, मात्र आपल्याला फारच थोडा वेळ दिसते, ही तुझी तक्रार मला मान्य आहे. पोवळ्यांसारख्या झगमगत्या रंगांच्या त्या गुहांमध्ये मी आणखी अर्धा तास आनंदाने घालवला असता. खलनायक ग्रिमेलही मला दुबळा वाटला. हिकपच्या टोळीतल्या जुळ्या भावंडांचे विनोद निम्मे कापून तो वेळ त्याला दिला असता तर बरे झाले असते. पण त्या गुहेत एक गोष्ट घडते, ती निर्णायक आहे. उंच खडकावर उभ्या राहिलेल्या टूथलेसपुढे असंख्य ड्रॅगन माना लववतात आणि आडोशाला लपलेले हिकप व त्याची प्रेयसी अस्ट्रिड ते पाहतात. जो आपल्या पाठीशी सावलीसारखा असतो तो इथे राजा आहे, आणि आपण इथे परके आहोत, हे हिकपला त्या क्षणी कळते. ते कळल्यावरही त्याने टूथलेसला आपल्या बर्क गावच्या लोकांकडेच ठेवून घेतले असते, तर तू ज्या हिकपवर प्रेम करतोस तो तो राहिला असता का?

वडिलांच्या, म्हणजे स्टॉइकच्या, आठवणींचे प्रसंग तुला ओढूनताणून आणलेले वाटले. मला तेच या चित्रपटाचे मर्म वाटते. दुसऱ्या भागात, २०१४ साली, स्टॉइकचा मृत्यू टूथलेसच्याच अग्निगोळ्याने झाला होता, जरी त्या वेळी त्याचे मन दुसऱ्याच्या ताब्यात होते. त्या घटनेनंतरही मैत्री तुटली नाही. प्रेम करायचे तर गमावण्याचीही तयारी हवी, हे पत्नीच्या आठवणीने व्याकूळ झालेला स्टॉइक लहानग्या हिकपला सांगतो, आणि निरोपाच्या वेळी मुलगा ते आचरणात आणतो. टूथलेसमागोमाग इतरही आपापल्या ड्रॅगनना मोकळे करतात, तेव्हा जॉन पॉवेल यांचे संगीत ज्या संयमाने उलगडत जाते, त्यासाठी तरी तो भाग चांगल्या हेडफोनवर ऐक.

मूळ पुस्तकांच्या लेखिका क्रेसिडा कॉवेल यांची कथाच मुळी अशा निवेदकाची आहे, जो आपण लहान असताना ड्रॅगन होते, असे सांगतो. ड्रॅगन ‘होते’, तर मग ते गेले कुठे, या प्रश्नाचे उत्तर चित्रपटांनाही कधीतरी द्यावेच लागणार होते. तीनही भागांना ऑस्करचे नामांकन मिळाले आणि एकालाही पुरस्कार मिळाला नाही, याची मला अजून चुटपुट आहे. निदान तिसऱ्याला तरी तो मिळायला हवा होता.

आता अन्यायाविषयी. ताटातूट झाली तरी भेटीचे दार बंद झालेले नाही. कित्येक वर्षांनी दाढी वाढवलेला हिकप बायकामुलांसह जहाजाने येतो. टूथलेस आधी त्याला ओळखत नाही, मग पुढे केलेल्या तळहातावरून ओळखतो, आणि मुलांना आभाळाची सफर घडवली जाते. त्या भेटीत टूथलेसच्या बाजूला कोणतीही गरज उरलेली नाही, तरी तो त्याच आनंदाने झेपावतो, हे तुझ्या पत्रात कुठेच आलेले नाही.

पुढच्या आठवड्यात सवड काढून आधी तो नाताळचा लघुपट आणि लगोलग शेवटचा भाग, असे एका बैठकीत पाहा, आणि पर मोडण्याच्या प्रसंगाविषयी तुला काय वाटते ते मला सविस्तर लिही. ग्रिमेलच्या बाबतीत आपले एकमत आहे, त्यामुळे त्याच्यावर शाई खर्च करू नकोस.

तुझा,
अनिरुद्ध