बाबांची माटोळीची वही

डिचोली,
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, मला बाबांकडून त्यांच्या चित्रांच्या वहीबद्दल एक परवानगी हवी आहे. फोनवर बाबांना आता नीट ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट मोठ्या आवाजात तुकड्यातुकड्यांनी सांगण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आई, तू हे पत्र त्यांना सावकाश वाचून दाखव. यात तुझ्यासाठीही एक काम आहे.

आज सकाळी आमचा चित्रकारांचा गट नार्व्याला जाऊन आला. पावसाळ्यानंतरची आमची पहिली बाहेरची बैठक आम्ही दरवर्षी सप्तकोटेश्वराच्या देवळात घेतो, आणि यंदा ती नेमकी आजच्या तिथीला आली. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देवळाचे काम सुरू करवले, त्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी अशीच नोंद आहे. बाबा, मी सहावीत असताना तुम्ही मला त्या दारापाशी उभे करून ती अक्षरे एकेक करून वाचायला लावली होती, ते आज तिथे बसल्यावर आठवले. मी दीपस्तंभ काढला. खाली उतरत आलेले ते छप्पर आणि त्यावरचा बसका घुमट मला अजूनही साधत नाही.

गटाची ओळख तुम्हाला फोनवर तुटक तुटक झाली आहे. रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात आम्ही वीस-बावीस जण जमतो. त्यांत एक निवृत्त तलाठी आहेत, दोन शिक्षिका आहेत, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर ट्रक विकून घरांच्या रंगकामाला लागलेले एक गृहस्थ आहेत आणि महाविद्यालयात जाणारी चार मुले आहेत. पणजीला आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात रीतसर शिकलेला आमच्यात एकच जण आहे. बाकीच्यांनी आपापल्या परीने हात बसवलेला आहे. आमचे वर्ष ऋतूंप्रमाणे चालते, कारण कागद आम्हाला दुसरे काही करू देत नाही. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जुलैमध्ये जलरंगाचा एक हात दिला, की तो वाळेपर्यंत घरचा स्वयंपाक आटोपतो. फळीवर चिकटपट्टीने ताणून बसवलेला कागद दुपारपर्यंत मधोमध फुगतो, आणि चित्र पूर्ण झाल्यावर पाठीमागून कोमट इस्त्री फिरवूनच तो सपाट करावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात आमचे मोठे नुकसान झाले, ते मी तेव्हा तुम्हाला कळवले नव्हते. आधीच्या प्रदर्शनातली सतरा चित्रे आम्ही एका संस्थेने देऊ केलेल्या खोलीत ठेवली होती. खोलीचा पत्रा गळत होता, हे कोणी आम्हाला सांगितले नाही आणि आम्हीही महिनाभर कुलूप उघडून पाहिले नाही. श्रावणात दार उघडले तेव्हा नऊ चित्रांवर तांबूस ठिपके उठलेले होते. ज्या चौकटींत कागद आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट होता, ती चित्रे बरीचशी वाचली. ज्यांत पैसे वाचवण्यासाठी आम्ही काच थेट कागदावर बसवली होती, त्यांत काचेच्या आतल्या बाजूला धरलेले पाणी रंगात उतरले होते आणि काच काढताना आकाशाचा निळा रंग तिच्याबरोबर निघून आला. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. तेव्हापासून माउंटशिवाय चौकट करायची नाही, पावसाळ्यात चित्रे ज्याच्या त्याच्या घरी कपाटात ठेवायची आणि दर पंधरा दिवसांनी उघडून पाहायची, असे आम्ही ठरवले आहे आणि ते पाळतो आहोत.

बाहेर बसता येत नाही अशा दिवसांत आम्ही दुसऱ्यांची चित्रे पाहायला जातो. यंदा जुलैमध्ये पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आंजेलो द फोन्सेका यांची चित्रे पाहिली. १९०२ मध्ये सांत इस्तेव्ह बेटावर जन्मलेला हा माणूस शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला, परत येऊन त्याने मेरीला साडी नेसवली आणि आपल्या इकडच्या बाईसारखी जमिनीवर बसवली. त्याची पुढची पुष्कळशी वर्षे पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्ती आश्रमात गेली, म्हणजे तुम्ही आता राहता तिथून फार लांब नाही. त्या चित्रांपुढे आमच्यातले तलाठीकाका बराच वेळ उभे होते, आणि बाहेर पडताना त्यांनी विचारले, की आपण आपल्या घरातली माणसे आणि वस्तू सोडून दरवेळी समुद्र आणि चर्च का काढतो. परतीच्या वाटेवर सगळे याच एका प्रश्नावर बोलत होते, आणि यंदाच्या प्रदर्शनाचा विषय तिथेच ठरला. चवथीला गणपतीवर रानातली फळे, फुले आणि वेली टांगून आपण बांधतो ती माटोळी चित्रांत काढायची, असे आम्ही ठरवले.

कला आणि संस्कृती खात्याची माटोळीची स्पर्धा तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्यामुळे पुष्कळ घरांत ही रीत टिकली, हे मी मानते. परंतु तिथे शेकड्यांनी वस्तू टांगल्या जातात आणि पाहणारा मोजत पुढे जातो, एकेक फळ कोणी पाहत नाही. म्हणून आम्ही असे ठरवले, की प्रत्येकाने आठवड्याला एकच वस्तू घ्यायची, ती मूळ आकारातच काढायची, खाली तिचे गावातले नाव लिहायचे आणि ती कुठे मिळाली ते लिहायचे. वेल ओरबाडायची नाही, फांदी तोडायची नाही. जमेल तिथे झाडापाशी बसूनच काढायचे.

बाबा, हे काम मला वाटले होते त्यापेक्षा कितीतरी अवघड निघाले. कवंडळाचा लाल रंग लांबून एकसारखा दिसतो, पण जवळ धरल्यावर त्यात देठापासून निघालेल्या नारिंगी रेघा दिसतात, आणि फळ कापले की आतला गर काळपट हिरवा निघतो. तो लाल आणि तो हिरवा एकाच कागदावर शेजारी शेजारी ठेवताना मी चार कागद वाया घालवले. घागऱ्यांच्या वाळलेल्या शेंगांचा खुळखुळ आवाज तर चित्रात आणताच येत नाही; आमच्यातल्या एका मुलाने शेंग उघडी दाखवून आतले सुटलेले दाणे काढले, आणि ते चित्र पाहताना मला खरोखर आवाज ऐकू आल्यासारखे झाले. कांगलांचे घोस, माट्टीची फळे, आंबाडे, तोरंजन, सुपारीचे शिपटे, नीरफणस अशी चवथीपर्यंत एकतीस चित्रे झाली. त्यांपैकी निदान दहा वस्तू आमच्यातल्या तरुण मुलांनी आयुष्यात प्रथमच हातात घेतल्या. चवथीच्या आदल्या दिवशी बाजारात जाऊन माटोळीचे तयार सामान घेणे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

आता मुख्य गोष्ट. नावे जुळवताना अडायला झाले, तेव्हा मी घरी येऊन माळ्यावरची ट्रंक उघडली आणि त्यातून तुमची वही काढली. तुम्हाला न विचारता काढली आणि न विचारता ती रविवारी वर्गात नेली, याबद्दल मला क्षमा करा. १९८७ पासून २०१६ पर्यंत, एकही वर्ष न चुकता, आपल्या घरच्या माटोळीतली एकेक वस्तू तुम्ही त्या वहीत काढलेली आहे. कोपऱ्यात साल आहे, वस्तू कोणत्या डोंगरावरून किंवा कोणाच्या पोफळीच्या कुळागरातून आणली ते आहे, आणि खाली आईच्या अक्षरात पेन्सिलीने तिचे नाव. शाळेतल्या मुलांसाठी आणलेल्या रंगांतले उरलेसुरले रंग तुम्ही वापरत होता, हे मला आठवते. त्यामुळे काही पानांवरचा लाल आता विटकरी झाला आहे. रेघ मात्र तशीच आहे. वर्गात ती वही हातोहात फिरली तेव्हा कोणी मोठ्याने बोलले नाही, आणि रंगकाम करणाऱ्या गृहस्थांनी पान उलटण्यापूर्वी हात धुऊन पुसून घेतले.

तुम्ही म्हणाल, की ती वही घरासाठी होती, तिला प्रदर्शनात कशाला मांडायचे. चित्रकार म्हणजे दलालांसारखा, असे तुम्ही आम्हाला नेहमी सांगत आलात, आणि मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे असलेले दिवाळी अंक तुम्ही अजून जपून ठेवले आहेत. त्यांच्या रेषेशी मी कोणाची तुलना करत नाही. परंतु तीस वर्षे एका घराने एका सणाकडे इतक्या बारकाईने पाहिल्याची दुसरी नोंद मला आमच्या तालुक्यात ठाऊक नाही, आणि आमच्या एकतीस चित्रांना तुमच्या वहीशेजारी उभे राहण्याची फार गरज आहे. वही विक्रीला नसेल. शिवण उसवून पाने सुटी करायची नाहीत, असे मी आधीच सर्वांना सांगितले आहे. वही काचेच्या पेटीत उघडी ठेवायची, रोज सकाळी एक पान उलटायचे, आणि बाकीच्या पानांच्या छापील प्रती भिंतीवर लावायच्या, असा विचार आहे.

प्रदर्शन जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस आहे. जागेवरून आमच्यात बरीच चर्चा झाली. काहींचे म्हणणे होते, की पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनासाठी अर्ज करावा, कारण प्रवेशद्वारातल्या त्या निळ्या फरशांच्या चित्रांपाशी बाहेरगावचे लोक येतातच. मी आणि तलाठीकाका डिचोलीसाठी अडून बसलो. नोव्हेंबरमध्ये चित्रपट महोत्सव, डिसेंबरमध्ये कलामहोत्सव, अशा गर्दीत पणजीला आपली आणखी पाच दिवसांची भर घालण्यापेक्षा, ज्या बायका डोक्यावर पाटी घेऊन हे सामान बाजारात आणतात त्यांना ते पाहायला मिळावे, असे आम्हाला वाटत होते. शेवटी बाजाराजवळचे एक सभागृह मिळाले आणि आठवड्याच्या बाजाराचा दिवस त्या पाच दिवसांत येईल अशी सोय झाली. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवण्याची दालनांत रीत आहे. आम्ही तो ५० इंचांवर आणला आहे, म्हणजे मुलांना दिसेल आणि बाबांना खुर्चीत बसूनही मान वर करावी लागणार नाही.

एका कोपऱ्यात आम्ही उन्हाळ्यात केलेला कावीच्या भित्तिचित्राचा तुकडाही ठेवणार आहोत. शिंपल्यांच्या चुन्यात वाळू आणि गुळाचे पाणी घालून ते मिश्रण आम्ही तीन आठवडे मुरवले, रोज पाळीपाळीने मळले, गिलावा करून त्यावर हुरमुंजीचा तांबडा थर दिला आणि तो ओला असतानाच टोकदार सळईने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा केला. हात थांबला, की गिलावा सुकतो आणि मग रेघ फुटते. पेडण्याकडच्या जुन्या देवळांतल्या भिंती ज्यांनी अशा रंगवल्या, त्यांचा हात कसा असेल ते तेव्हा कळले. त्रिपुरारीला विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सोडण्यासाठी आम्ही यंदा केळीच्या खांबांच्या तराफ्यावर बांबू आणि कागदाची होडी केली होती; तिचे फोटो दादाच्या फोनवर पाठवले आहेत.

आई, तुझे काम असे. वहीत १९९४, २००३ आणि २००९ या तीन पानांवर नाव नाही. १९९४ च्या पानावर मोठे हिरवे फळ आहे, त्याच्या जाड पाकळ्या एकमेकींवर घट्ट मिटल्यासारख्या आहेत. मला ते करमल वाटते, पण तू सांगितल्याशिवाय मी लिहिणार नाही. तिन्ही पानांचे फोटो दादाला पाठवते, ते मोठे करून पाहा. नावे तू तुझ्याच अक्षरात एका कागदावर पेन्सिलीने लिहून पाठव, म्हणजे तीच पानांखाली लावता येतील.

तुम्ही दोघांनी निदान तीन दिवस यावे अशी माझी इच्छा आहे. दादाला सुट्टी मिळते आहे. चोरल्याचा घाट मात्र दिवसाउजेडी उतरा. मागील दारची खोली मी झाडून घेतली आहे आणि बाबांच्या गुडघ्यासाठी न्हाणीघरात दांडी बसवून घेतली आहे. काचेच्या पेटीसाठी सुताराने वहीचे माप मागितले आहे. मी ते घेऊन ठेवले आहे, पण बाबांचा होकार येईपर्यंत त्याला देणार नाही. तो मार्गशीर्षाच्या सुरुवातीला काम हाती घेणार आहे, तोपर्यंत बाबांचे उत्तर यावे.

तुमची,
बाय