मोटारहोमची युरोपवारी: आधी कागद, मग नकाशा

संपादक महोदय,

जळगाव-धुळे भागातील काही निवृत्त मंडळी आता मोटारहोम (झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन स्पेन, दक्षिण फ्रान्स आणि इटली पाहण्याचे बेत आखू लागली आहेत. उत्साह स्तुत्य आहे, पण तयारी नकाशाऐवजी कागदपत्रांपासून सुरू व्हावी. शेंगेन व्हिसावर (युरोपातील बहुतेक देशांसाठीचा सामायिक व्हिसा) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. गाडी चालवण्याच्या मूळ परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही घ्यावा.

खरी गफलत होते ती मुक्कामाच्या नियमांत. स्पेनमध्ये रीतसर उभ्या केलेल्या गाडीत झोपणे वेगळे आणि बाहेर कनात ताणून खुर्च्या मांडणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला कॅम्पिंग समजून दंड होऊ शकतो. इटलीत अनेक जुन्या शहरांच्या मध्यवर्ती भागातील ‘झेडटीएल’ म्हणजे वाहनांना मर्यादित प्रवेश असलेल्या क्षेत्रात विनापरवाना शिरल्यास कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि दंडाची नोटीस पुढे घरापर्यंत येऊ शकते. गाडीची उंची, जी बहुधा तीन मीटरच्या आसपास असते, कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी. तीही मीटरमध्येच, कारण पुलांवरच्या पाट्या फुटांत नसतात.

जुलै-ऑगस्टमध्ये स्पेनमधील सेव्हिल आणि कोर्दोबा येथे पारा चाळिशी ओलांडतो. खानदेशी माणसाला उन्हाचे काय, असे म्हणणाऱ्यांनी रात्री गाडीतच झोपायचे आहे, हे ध्यानात घ्यावे. मे किंवा सप्टेंबर बरा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नये.

– एक वाचक, जळगाव