मोनार्क नव्हे, पण रुई तरी राहू द्या

मा. संपादक,

'रंकाळ्यावर मोनार्क आला' म्हणून एका फुलपाखराचा फोटो परवा आमच्या ग्रुपवर फिरला. केशरी पंख, काळ्या ठळक शिरा. पण तो आपला नेहमीचा स्ट्राइप्ड टायगर. मोनार्क आपल्या रानात नसतोच.

माझी मुलगी टेक्सासात, सॅन अँटोनिओला असते. तिच्याकडे मार्चमध्ये मी खरे मोनार्क पाहिले. मेक्सिकोच्या डोंगरात हिवाळा काढून आलेले. रंग विटलेला, पंखांच्या कडा झिजलेल्या, कीव यावी अशी दशा. तरी मादी मिल्कवीडच्या, म्हणजे आपल्या रुईच्या कुळातल्या झाडाच्या, पानाखाली एकेक अंडे घालत जाते. काही दिवसांत ती मरते, आणि पुढची कॅनडापर्यंतची वाट तिची लेकरे-नातवंडे पुरी करतात. पहिला मोनार्क दिसला की तिथले लोक तारीख आणि गाव 'जर्नी नॉर्थ' या स्थलांतराच्या नोंदी ठेवणाऱ्या उपक्रमाला कळवतात. १९९४ पासून हे चालले आहे. कळवणारे तुमच्या-माझ्यासारखेच, शाळेतली पोरेसुद्धा.

मुलीच्या कुंडीतले मिल्कवीड म्हणजे आपल्या बागांतले हळदकुंकू (मूळचे ते मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडचे). आपल्या प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या त्यावर वाढतात, आणि रुईवर तर वाढतातच. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी आपण रुई शोधत हिंडतो. एरवी ती तण! पाडव्याआधी आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर जेसीबी फिरला आणि अळ्यांसकट सगळी रुई गेली. प्लॉट साफ हवा हे मलाही कळते. पण कुंपणाकडेची चार झुडपे राहिली असती तर कुणाचे काय अडले असते?

स्थलांतर आपल्याकडेही होते. पावसाच्या तोंडावर ब्लू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरे घाट सोडून पूर्वेच्या मैदानाकडे जातात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास परततात. आपण 'आज फुलपाखरं लई दिसत्यात' म्हणतो आणि गाडीला किक मारतो.

म्हणून विनंती, एप्रिल ते जून आपल्या पानावर वाचकांच्या नोंदींना थोडी जागा द्यावी. ठिकाण, तारीख, वेळ, थवा कुठल्या दिशेने गेला, एवढे पुरे. फोटो असला तर उत्तम. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याच्या शाळांनी मनावर घेतले तर पहिल्याच वर्षी बरेच काही हाती लागेल. कळंब्याच्या नोंदी मी पाठवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कळंबा, कोल्हापूर